गाडीचं अ‍ॅव्हरेज पाडण्याचे घरगुती उपाय

परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरचा विषय बाजूला राहिला आणि पाऊण तास इथेनॉलवर गेला. एक जण म्हणाला, ‘गाडी १८ द्यायची, आता १३ वर आली. सगळी इथेनॉलची कृपा!’ सगळ्यांनी माना डोलावल्या. खाली पार्किंगमध्ये त्याच गाडीचे मागचे दोन्ही टायर जमिनीला लोटांगण घालत होते, पण ते वरून दिसत नाही.

हिशेब सोपा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फटका, आणि पूर्वीच्या १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत त्याच्या निम्मा. १८ वरून १३ म्हणजे मात्र २८ टक्के! वरचे वीसेक टक्के मालकाची स्वकष्टार्जित कमाई आहे. ही विद्या एकाच पार्किंगमध्ये कुजू नये, म्हणून खालील उपाय.

आधी अपेक्षा नीट ठेवा. जाहिरातीतला आकडा हा तुमचा जन्मसिद्ध हक्क आहे. हे आकडे काढणाऱ्या वाहन-चाचणी संस्थांपैकी एक, एआरएआय, आपल्याच पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही आणि वाटेत नळ स्टॉपचा सिग्नल लागत नाही. असल्या क्षुल्लक फरकांकडे दुर्लक्ष करावं.

टायरची हवा डोळ्यांनी तपासा. फारच शंका आली तर बुटाने एक लाथ. रेडियल टायर २४ पीएसआयला (हे हवेच्या दाबाचं माप) आणि ३२ ला जवळजवळ सारखाच दिसतो, त्यामुळे समाधान दोन्हीकडे सारखं मिळतं. गेज वापरायचाच असेल तर गाडी दहा किलोमीटर पळवून, टायर तापवून मग लावा. तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, म्हणजे ३२ दिसले की खरे २८-२९ असतात आणि आपण निश्चिंत घरी येतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने एक स्टिकर लावलेला असतो. पुढे किती, मागे किती, पाच माणसं बसली तर किती, सगळं त्यावर छापलेलं असतं. ते वाचू नका. त्यापेक्षा पैसे देऊन नायट्रोजन भरा. साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट असतो, पण फुकटची किंमत कोणाला?

डेअरी सहाशे मीटरवर आहे ना? गाडी काढा. थंड इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल पाजतो आणि ते तापायच्या आत तुम्ही दूध घेऊन परत आलेले असता.

फोन आला की गाडी कडेला घ्या, इंजिन आणि एसी चालू ठेवा, आणि बोला. तासाला पाऊण ते एक लिटर. सिग्नलवर ९० चा आकडा दिसला तरी इंजिन बंद करू नका. बंद करून पुन्हा चालू करायला दहा सेकंद उभं राहण्यापेक्षाही कमी पेट्रोल लागतं, ही अफवा आहे असं मानून चला.

एक जुना, जाणकारांचा उपाय. उन्हाळ्यात काटा जरा वर गेला की थर्मोस्टॅट काढून टाका. काही गॅरेजवाले न सांगताच काढतात. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंट तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा व्हॉल्व्ह. तो गेला की इंजिन ९० अंशांच्या आसपास टिकतच नाही, हायवेवर काटा खाली पडतो. सेन्सर सांगतो इंजिन थंड आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे बारा महिने तेरा काळ चोक ओढून गाडी चालवल्यासारखं. खरा दोष न चालणाऱ्या फॅनचा किंवा गळक्या होजचा असतो, पण तो शोधायला वेळ लागतो, पाना फिरवायला लागत नाही.

एअर फिल्टरला मात्र उगाच बदनाम करतात. कार्बोरेटर होता तोवर तुंबलेला फिल्टर अ‍ॅव्हरेज खायचा. आता ईसीयू येणाऱ्या हवेप्रमाणे पेट्रोल मोजून देतो, त्यामुळे पिकअप मरतो, अ‍ॅव्हरेजला फार धक्का लागत नाही. या मार्गाने फारसं यश मिळणार नाही.

दिवाळीत गावी जाताना लावलेला कॅरिअर होळीपर्यंत टपावर राहू द्या.

पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात आणि ब्रेक पॅड डिस्कला चिकटून राहतात. गाडी थोडी चालवून चारही रिमजवळ हात नेला तर एकच चाक भाजतं, लगेच कळतं. म्हणून हात नेऊ नका.

पेट्रोल भरताना ऑटो कटनंतर ‘दादा, राउंड फिगर करा’ हे म्हणायलाच हवं. वरचं पेट्रोल वाफेसाठी ठेवलेल्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये शिरतं आणि तो बिघडला की खर्च वेगळा. शिवाय दर वेळी वेगवेगळ्या पातळीपर्यंत भरल्यामुळे अ‍ॅव्हरेज कधीच नीट मोजता येत नाही. चर्चेसाठी हे फार सोयीचं.

आणि आता मुख्य उपाय, घराण्यातून चालत आलेला: उतार दिसला की न्यूट्रल. कात्रजचा नवा बोगदा संपला, नवले पुलाकडे उतार लागला, की गिअर काढा आणि पेट्रोल वाचवण्याचं पुण्य पदरात पाडा. फक्त एक बारीक अडचण आहे, ते वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ईसीयू पेट्रोल फवारणारे इंजेक्टरच बंद करतो. इंजिनाला चाकं फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे ज्यांना वाचवलं असं वाटतं त्यांनी जाळलेलं असतं. कार्बोरेटरच्या गाड्या बाजारातून जाऊन वीस वर्षं उलटली, काकांचा सल्ला तेवढा राहिला.

काही महाभाग चावीच फिरवतात. इंजिन बंद म्हणजे पेडल हलकं ठेवणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम बंद. दोन-तीन वेळा दाबेपर्यंत ब्रेक लागतो, मग पेडल दगड होतं. स्टिअरिंग जड. ट्रकचं तर विचारूच नका, एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडल्याचं तेव्हा पुढे आलं होतं.

अहो, वाचवता किती? इंजिन बंद करून तो उतार उतरलात तरी चालू इंजिनाच्या न्यूट्रलपेक्षा अर्धा कप. अर्ध्या कपासाठी पुढच्या स्कूटरवरच्या माणसाला बंपरवर घेणार? आणि इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलंत तर तोही अर्धा कप गेला, वर पॅड तापले, दोन वर्षांत न बदललेलं, पाणी मुरलेलं ब्रेक ऑइल उकळलं, आणि नेमका खाली ट्रॅफिक थांबलेला. यात कसली आली हुशारी? तिसरा गिअर टाका, पाय वर घ्या आणि गुमान उतरा. घाई असेल तर घरून लवकर निघा.

उद्या सकाळी गाडी थंड असताना हवा तपासा. पंपावर ऑटो कटला थांबा, ट्रिप शून्य करा, चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा आणि भागाकार करा. पुढची मीटिंग महिन्याने आहे. आकडा घेऊन या, मग इथेनॉलवर बोलू.