बारा हजार आठशे: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि मग झोप लागेना. तुम्ही लिहिलंत, "ताई, 'गरोदरपणात पांढऱ्या पेशी वाढतातच, घाबरू नका' हे तुमचं वाक्य वाचून आम्ही निर्धास्त राहिलो. सहाव्या महिन्यात बहिणीच्या पेशी १२,८०० होत्या. दहा दिवसांनी किडनीच्या इन्फेक्शनने तिला अ‍ॅडमिट करावं लागलं. असलं लिहून लोकांचा जीव धोक्यात घालू नका."

तुमचा राग रास्त आहे. माझं वाक्य खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

रिपोर्टवर छापलेली ४,००० ते ११,००० ही मर्यादा गरोदर नसलेल्या मोठ्या माणसांची. दिवस गेले की या पेशी वाढतात, शेवटच्या महिन्यांत १५,००० पर्यंत सहज जातात, कळा सुरू असताना २५,००० सुद्धा दिसतात. तेव्हा १२,८०० वरून इन्फेक्शन आहे असं म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही, आणि नेमकं हेच मी लिहायला हवं होतं.

वाढलेल्या पेशी बहुतेक न्यूट्रोफिल असतात. रंगवलेल्या काचपट्टीवर मी त्या रोज बघते: जांभळं केंद्रक, बारीक धाग्याने जोडलेल्या तीन-चार गाठी. जिवाणू सापडला की ही पेशी त्याला गिळते, पोटातल्या रसायनांनी मारते आणि स्वतःही मरते. पू म्हणतो तो बराचसा या मेलेल्या पेशींचाच. जंतूंचा जोर वाढला की हाडांमधला मगज अर्धवट तयार पेशीही रक्तात सोडतो. त्यांच्या केंद्रकाला गाठी पडलेल्या नसतात, ते घोड्याच्या नालासारखं वाकलेलं असतं. अशा पेशी पट्टीवर जास्त दिसल्या की मी डॉक्टरांना फोन करते. इन्फेक्शन रक्तात भिनलं तर आकडा उलट ४,००० च्या खालीही घसरतो.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत मात्र बघायला हवी होती ती लघवी. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वरून गर्भाशयाचा दाब येतो, उजवीकडे जरा जास्तच. लघवी तुंबते आणि ई. कोलायसारखे जंतू वर चढतात. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायकांच्या लघवीत असे जंतू असतात, आणि जळजळ नाही की ताप नाही. उपचार झाले नाहीत तर त्यांतल्या तीस टक्क्यांपर्यंत बायकांना ते किडनीपर्यंत पोचतात. म्हणून त्रास नसला तरी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, सुरुवातीलाच करायचं. साध्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे लघवीतल्या पांढऱ्या पेशी, कमी आल्या तरी कल्चरमध्ये जंतू निघू शकतात. नमुना घेताना पहिली धार सोडून मधली धरायची.

हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा कमरेत एका बाजूला ठणका, उलट्या, धाप, बाळाची हालचाल कमी, वास येणारं पाणी जाणं: यांतलं काहीही झालं तर पेशींचा आकडा बघत घरी थांबू नये. दवाखाना गाठावा. आणि मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स गरोदरपणात देत नाहीत.

मूळ लेखातलं ते वाक्य मी आज सकाळी बदललं, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेखही केला. बहिणीचा कोर्स संपला असेल तर कल्चर पुन्हा करायचं असतं. तिचं झालं का, ते तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. हे इन्फेक्शन बाळंतपणाआधी पुन्हा उलटू शकतं.