"हक्कांनी पोट भरत नाही" या मेसेजला माझं उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की हक्कांनी पोट भरत नाही, संस्थांनी गुपचूप धान्य-कपडे वाटावेत, हक्क-हक्क शिकवून लोक आळशी होतात, ही सगळी बाहेरून आलेली थेरं आहेत आणि शेवटी गरिबाच्या हातात नुसता कागद राहतो. मी काही वर्षं एका छोट्या संस्थेच्या कामात जातेय, मेसेज वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पोट भरत नाही? पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं 2001 मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, की सरकारी गोदामं भरलेली असताना माणसं उपाशी कशी. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला कोर्टानं आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षाला किमान 200 दिवस शिजवलेलं जेवण द्यायचं, किमान 300 कॅलरी आणि 8 ते 12 ग्रॅम प्रोटीनचं. तोवर कितीतरी राज्यांत कोरडं धान्य देऊन मोकळे व्हायचे. एवढी ताटं रोज कुठल्या संस्थेच्या वाटपातून भरली असती सांगा. वाटप नकोच असं मी म्हणत नाही, पुरात घर वाहून गेलेल्याला आधी जेवणच द्यायचं, पण वाटपाची यादी देणारा ठरवतो आणि पुढच्या वर्षी त्याचा मूड नसला की संपलं.

आता आळशीपणाचं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात लोक मागत काय होते, तर काम! मातीकाम, उन्हातलं. लेखी अर्ज करायचा, तारखेची पोच घ्यायची, 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता. सगळी मेख त्या पोचेत. बाया अर्ज घेऊन जायच्या, टेबलापलीकडून उत्तर यायचं "ठेवा इथं, बघतो", आणि पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे ते 15 दिवस कधी सुरूच होत नाहीत. मग संध्याकाळी आम्ही सराव घ्यायचो, एक बाई कारकून व्हायची, बाकीच्या अर्जदार, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचं, "साहेब, पोच द्या, मग जातो." पहिल्या दिवशी कुणाचा आवाजच निघायचा नाही. नंतर ज्या बाईला पहिली पोच मिळाली तिनं ती घडी न घालता, दोन्ही हातांत सपाट धरून गावापर्यंत आणली. हिला आळशी म्हणायचं?

बाहेरची थेरं म्हणाल, तर रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं 1977 मध्येच केला होता, दिल्लीच्या 28 वर्षं आधी. आणि माहितीचा अधिकार आला त्यामागे राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेचा मोठा वाटा आहे, जी संस्थात्मक फंडिंगही घेत नाही. डिसेंबर 1994 पासून त्यांनी जनसुनवाया सुरू केल्या, म्हणजे कामाचं मस्टर, मजुरांचा हजेरीपट, गावासमोर मोठ्यानं वाचायचं. मेलेल्यांच्या नावावर मजुरी उचललेली, कधी न बांधलेल्या कामांची बिलं, सगळं असं वाचूनच बाहेर आलं. ऐकणारे कोण, तर ज्यांची मजुरी बुडाली तेच.

राहिला कागद. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात वृक्षमित्र संस्था गावासोबत वर्षानुवर्षं अभ्यासाला बसली, निर्णय मात्र गावाचे, तेही सर्वसहमतीनं. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा पास वनखात्याकडेच अडकला होता, म्हणजे हक्क आहे पण विकता येत नाही, मेसेजवाल्यांना नेमका हाच कागद दिसत असणार. गाव मागे हटलं नाही, 2011 मध्ये पासही ग्रामसभेकडे आला. मग बांबू गावानं तोडला, गावानं विकला, तोडणीची मजुरी गावातल्याच लोकांना मिळाली, आणि गाडीबरोबर जाणारा कागद ग्रामसभेनं दिलेला होता.