जुनी मरीना गाडी जरूर घ्या, पण आरसी (नोंदणीपत्र) बघून

‘इतकी जुनी इस्टेट गाडी (मागे सामानासाठी लांब जागा असलेली) म्हणजे डोकेदुखी’ हे तुमच्या जुन्या गाड्यांवरच्या लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. आम्ही नुकतीच २००८ची टाटाची इंडिगो मरीना घेतली, डिझेल. मागची सीट पाडली की तानपुरा खोळीसकट आडवा झोपतो, शेजारी पेटी आणि तबला-डग्गा. कॅरियरवर दोरखंड बांधणं कायमचं सुटलं! मागच्या प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने भरल्या गाडीतही खड्डे सुसह्य. वयामुळे सस्पेन्शनचे रबरी बुश आणि दारांची रबरं कडक झाली होती, ती मेकॅनिकने आधी बदलली. मात्र पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी लागते. २०२२मध्ये तिचं शुल्क ५,००० रुपये झालं, वर हरित कर (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर). हे सगळं आधीच्या मालकाकडून होऊन आरसीवर दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.