चेरी पाय मागायला गेलेले प्रेक्षक आणि 'फायर वॉक विथ मी'

आधीच सांगून ठेवलेलं बरं: खुनी कोण हे या पोस्टमध्ये उघड लिहिलं आहे. 'ट्विन पीक्स' ही टीव्ही मालिका बघायची राहिली असेल तर 'ज्यांना आता सुरुवात करायची आहे' इथून सुरू होणारा परिच्छेद तेवढा वाचा, बाकीचं नंतर. आणि तिच्यावरचा 'फायर वॉक विथ मी' हा सिनेमा घरातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल आहे, तेव्हा पुढे तोही विषय येणार.

मे १९९० मध्ये डेव्हिड लिंचला 'वाइल्ड ॲट हार्ट'साठी कान चित्रपट महोत्सवात पाम द'ओर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तेव्हा एबीसी वाहिनीवरच्या 'ट्विन पीक्स'नं अख्ख्या अमेरिकेला 'लॉरा पामरला कोणी मारलं' या एका प्रश्नावर टांगून ठेवलं होतं. दोनच वर्षांनी त्याच कानमध्ये 'ट्विन पीक्स: फायर वॉक विथ मी' दाखवला गेला आणि समीक्षकांनी त्याची सालटी काढली. (तिथे प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ही लाडकी दंतकथा मात्र जपून सांगा. लिंचबरोबर पटकथा लिहिणाऱ्या रॉबर्ट एंगल्सनं ती नाकारली आहे.) ऑगस्ट १९९२ मध्ये तो अमेरिकेत लागला. खर्च साधारण एक कोटी डॉलर, तिथली कमाई ४२ लाखांच्या आसपास. मालिकेवर जीव टाकणारेच सगळ्यात जास्त चिडले होते.

त्यांचा राग समजण्यासारखा होता. १० जून १९९१ ला मालिका संपली ती अशा जागी, की खुनाचा तपास करणारा एफबीआय एजंट कूपर ब्लॅक लॉज या दुसऱ्याच दुनियेतल्या जागेत अडकलेला आणि त्याचं रूप घेतलेलं काहीतरी बाहेर आरशावर डोकं आपटून हसतंय. वर्षभर थांबल्यावर सिनेमा आला तो पुढे जायच्या ऐवजी मागे गेला, लॉराच्या शेवटच्या सात दिवसांत. म्हणजे ज्या खुनाचा उलगडा नोव्हेंबर १९९० मध्येच होऊन गेला होता, तोच खून पुन्हा बघायचा. त्यात कूपर फार थोडा वेळ, कारण काइल मॅकलाक्लननंच भूमिका लहान करून घेतली. मालिकेतली ऑड्री नाही, कारण ते काम करणारी शेरिलिन फेन नव्हती. लारा फ्लिन बॉयल नव्हती म्हणून लॉराची मैत्रीण डॉना हिच्या भूमिकेत मॉइरा केली. लिंचबरोबर मालिका उभी करणाऱ्या मार्क फ्रॉस्टचं नाव कार्यकारी निर्माता म्हणून असलं तरी लेखनात तो नाही, आणि मालिकेतला मिश्कीलपणा बराचसा त्याच्याकडून यायचा.

पण माझ्या मते हा सिनेमा फसलेला प्रीक्वेल नाही. मालिकेनं जे टाळलं ते करायला तो बसलाय आणि ते त्यानं केलंय. मालिकेत लॉरा म्हणजे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह आणि कपाटावरचा फोटो. ती मेलेली असल्यामुळेच बाकी सगळ्यांना कॉफी, चेरी पाय, डोनट आणि कोड्यांची मजा घेता येत होती. सिनेमा त्या मुलीला जिवंत करून समोर आणतो, आणि मग तो चेरी पाय कुणाच्या घशाखाली उतरणार?

सुरुवातीच्या अर्ध्या तासावर सगळे वैतागतात, म्हणून आधी तोच घेऊ. श्रेयनामावली चालू असते ती टीव्हीच्या निळ्या मुंग्यांवर. नावं संपतात, कॅमेरा मागे येतो, कुणीतरी तो टीव्ही फोडतं आणि बाईची किंकाळी ऐकू येते. म्हणजे टीव्हीवरचं ट्विन पीक्स विसरा. मग लॉराच्या वर्षभर आधी खून झालेल्या टेरेसा बँक्सचा तपास, डियर मेडो नावाच्या गावात. हे गाव म्हणजे मालिकेतलं ट्विन पीक्स गाव उलटं करून ठेवलेलं. तिथला शेरीफ अडवणूक करणारा, डेप्युटी फिदीफिदी हसणारा. डबल आर डायनरच्या जागी कळकट हॅप्स डायनर. ट्रेलर पार्कात हॅरी डीन स्टँटन कॉफी देतो, तीसुद्धा दोन दिवस उकळत पडलेली. आपल्याला जे जे आवडत होतं ते एकेक करून काढून घेतलं जातं.

या भागात लिल येते. लाल झग्यातली बाई तोंड आंबट करून डोळे मिचकावते, एक हात खिशात, दुसऱ्याची मूठ, आणि जागच्या जागी चालते. मग गाडीत तपासाला आलेला एफबीआय एजंट डेझमंड सहकाऱ्याला या सांकेतिक निरोपाचा अर्थ लावून देतो. आंबट तोंड म्हणजे स्थानिक पोलीस त्रास देणार, खिशातला हात म्हणजे ते काहीतरी लपवताहेत, मूठ म्हणजे भांडखोर, जागच्या जागी चालणं म्हणजे पायपीट फार. झगा बेतून शिवलाय, म्हणजे अमली पदार्थ. त्यांचा साहेब गॉर्डन कोल (स्वतः लिंच) तिची ओळख आईच्या बहिणीची मुलगी म्हणून करून देतो, तर त्या वाक्यात गायब कोण? 'अंकल'. म्हणजे शेरीफचा कुणी अंकल तुरुंगात आहे. मराठीत हे कोडं बसतच नाही, कारण मावशीचा नवरा म्हटला की तो मामा नाही आणि चुलताही नाही, आणि शेरीफचा तो नेमका कोण हे इंग्रजीला सांगायची गरजच पडत नाही. हा प्रसंग सिनेमा कसा बघायचा याची शिकवणी आहे. प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे, लावत बसा. फक्त शेवटी झग्यावरच्या निळ्या गुलाबाचं विचारल्यावर डेझमंड सांगायला नकार देतो. शिकवणी तिथेच संपते.

त्यानंतर 'एक वर्षानंतर', ओळखीची धून, आणि लॉरा रस्त्यानं शाळेकडे चाललेली.

शेरिल ली मुळात सिएटलमधून फक्त प्रेत म्हणून पडून राहायला घेतलेली मुलगी. तिचं काम बघून लिंचनं तिच्यासाठी मालिकेत मॅडी ही मावसबहीण आणली. सिनेमात ती जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहे आणि दहा-दहा सेकंदांत चेहरा बदलते: मैत्रिणीशी गोड, प्रियकर बॉबीशी बेरकी, आणि मागे वळली की भेदरलेली. १९९२ साली कुणी कुणी याला आक्रस्ताळा अभिनय म्हटलं. सतरा वर्षांची, पाच वर्षं घरातला अत्याचार सोसणारी आणि कोकेनवर जगणारी मुलगी संथ आणि संयत दिसायला हवी होती की काय, कोण जाणे.

सगळ्या सिनेमातलं एकच दृश्य निवडायचं तर मी जेवणाच्या टेबलाचं घेईन. लॉरा घरी येते. बाप, लेलंड, आधीच टेबलाशी बसलेला. भूक लागली का विचारतो, बसायला लावतो. मग हात न धुता जेवायला बसलीस म्हणून तिचा हात हातात घेतो आणि नखं तपासायला लागतो. एका नखाखाली मळ सापडतो. (आपण मघाशी टेरेसाच्या नखाखालून चिमट्यानं काढलेलं अक्षर बघितलेलं असतं.) बोट न सोडता तिच्या गळ्यातलं अर्ध्या हृदयाचं लॉकेट उचलतो, प्रियकरानं दिलं का म्हणून. गाल चिमटीत धरतो. आई सारा मध्ये पडते, तिला नाही आवडत ते, सोड. तर तिला काय आवडतं हे तुला काय माहीत, असं तो बायकोलाच सुनावतो. या दृश्यात बॉब (लेलंडच्या अंगात शिरून खून करवणारं मालिकेतलं भूत) नाही, ब्लॅक लॉजचे लाल पडदे नाहीत, तिथला बुटका माणूस नाही. स्वयंपाक झालेला आहे आणि तिघं टेबलाशी आहेत. त्याच रात्री लेलंड रडत तिच्या खोलीत येऊन माझं तुझ्यावर प्रेम आहे म्हणून जातो. रे वाइज हे दोन्ही खरं वाटायला लावतो, तीच भीती आहे.

इथे मालिकेतली एक मोठी पळवाट बंद होते. मालिकेत लेलंड मेला तेव्हा सगळे जंगलात उभे राहून चर्चा करतात आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो: बिचारा बाप, अंगात भूत शिरलं होतं. सिनेमा त्याला इतक्या सहज सोडत नाही. टेरेसाकडे तो स्वतःच्या पायांनी जातो, तिच्या मैत्रिणींना बोलवायला सांगतो, आणि मोटेलच्या खोलीत स्वतःची मुलगी बसलेली दिसल्यावर गुपचूप मागे फिरतो. टेरेसाला तो कोण हे कळल्यावर तिचा काटा काढतो. हे हिशेबी डोकं बॉबचं नाही. शेवटी रेल्वेच्या डब्यात तर तो लॉराला म्हणतो की तो मीच होतो हे तुला माहीत असेल असं मला नेहमी वाटायचं. त्या वाक्यानंतर भूत भूत म्हणणं अवघड जातं. बॉब खरा की लॉराच्या मनानं बापाचा चेहरा झाकायला घातलेला मुखवटा, याचा निकाल सिनेमा लावत नाही, पण बापाला निर्दोष सोडत नाही.

अंगठीवरून तर अजून वाद चालतात. हिरव्या खड्याची ती अंगठी घेऊ नकोस असं कूपर स्वप्नात येऊन लॉराला सांगतो. शेवटी ती घालते. त्यामुळे बॉबला तिच्यात शिरता येत नाही, आणि म्हणून तो तिला मारतो. माझं वाचन असं की मालिकेच्या हिरोनं दिलेला सल्ला इथे चुकीचा ठरतो, आणि मुलगी स्वतःचा निर्णय स्वतः घेते. तिचा शेवट हरणं नाही, ती बॉबला दिलेली नकारघंटा आहे. त्यावर लिंच लुइजी केरुबिनीचं सी मायनरमधलं रेक्विएम वाजवतो आणि तिला देवदूत दाखवतो. तो देवदूत भाबडा आहे हे मान्य. तरीही ती हसत हसत रडायला लागते तेव्हा मी भांडत नाही.

आता खरे दोष. हरवलेला एजंट जेफ्रीज झालेल्या डेव्हिड बोवीचा प्रसंग कापून कापून असा झालाय की तो लिफ्टमधून आला, काही बरळला आणि हवेत विरला एवढंच कळतं. वर त्यावर दुसरंच दृश्य चढवलंय. डेझमंड अंगठीला हात लावून गायब होतो तो कायमचा. बॉबी जंगलात ज्याला गोळी घालतो तो डियर मेडोचाच फिदीफिदी डेप्युटी आहे, म्हणजे दोन्ही गावांचा अमली पदार्थांचा धागा तिथे जुळतो, पण हे एका नजरेत सुटतं. मॉइरा केली वाईट नाही, पण मालिकेतली डॉना डोक्यात असताना तिच्याशी जुळवून घ्यायला निम्मा सिनेमा जातो. आणि मालिका न बघता कुणी थेटरात गेला असेल तर त्याचे पैसे बुडालेच.

पिंक रूम या नाइटक्लबच्या प्रसंगात संवाद ऐकू येत नाहीत हा मात्र दोष नाही. गाणं मुद्दाम बोलण्याच्या वर ठेवलंय, आता मिळणाऱ्या प्रतींत बोलणं खाली अक्षरांत येतं. आवाज कमी करू नका, तिथे तुम्हालाही ओरडून बोलावंसं वाटलं पाहिजे. तसंच जिन्यावरच्या छताच्या पंख्याचं. तो फिरायला लागला की घरात काय होणार हे लॉराला कळतं आणि दोन-तीन वेळा ऐकल्यावर आपल्यालाही. लॅपटॉपच्या स्पीकरवर ही घरघर मरते, निदान हेडफोन लावा.

ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी. प्रीक्वेल आहे म्हणून सिनेमा आधी बघायची चूक करू नका, रहस्य आणि सिनेमा दोन्ही वाया जातात. आधी पायलट, म्हणजे मालिकेचा पहिला भाग, पण युरोपसाठी शेवट जोडून बंद केलेली आवृत्ती नको, टीव्हीवरचीच हवी. मग पहिल्या सीझनचे उरलेले सात भाग आणि दुसऱ्याचे बावीस. दुसऱ्याच्या नवव्या भागानंतर गाडी घसरते, जेम्सचं त्या श्रीमंत बाईकडचं प्रकरण पळवत बघितलंत तरी पाप लागणार नाही. शेवटचा भाग मात्र लिंचचा आहे, तो पूर्ण. मग सिनेमा, सव्वादोन तास, एका बैठकीत, रात्री. त्यानंतरच २०१४ मध्ये बाहेर आलेले 'मिसिंग पीसेस', सुमारे दीड तासाची कापलेली दृश्यं. चाहत्यांनी ती सिनेमात परत चिकटवून लांबलचक आवृत्त्या केल्या आहेत, त्यांच्या नादी लागू नका. उदाहरणार्थ, कापलेल्या एका दृश्यात पामर कुटुंब टेबलाशी बसून नॉर्वेजियनमध्ये स्वतःची ओळख करून द्यायचा सराव करतं आणि तिघंही पोट धरून हसतात. दृश्य सुंदर आहे. पण ते आत ठेवलं असतं तर नखं तपासण्याच्या प्रसंगाची हवा गेली असती, प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा मिळाली असती. कापलं ते बरंच केलं. सगळ्यात शेवटी २०१७ चे अठरा भाग.

आणि त्या अठरा भागांनी ज्या सिनेमाला लोक फाटा द्यायचे त्याच्यावरच घर बांधलं. निळा गुलाब, अंगठी, बोवीचा जेफ्रीज, ट्रेलर पार्कवाला कार्ल, सगळं तिथूनच आलं. १९९२ च्या सिनेमात एका रात्री लॉराच्या अंथरुणात रक्तानं माखलेली ॲनी (मालिकेतली कूपरची प्रेयसी) दिसते आणि सांगते की चांगला डेल, म्हणजे कूपर, लॉजमध्ये अडकलाय, हे डायरीत लिहून ठेव. मालिकेच्या शेवटाबद्दल सिनेमानं दिलेलं हे एकमेव उत्तर, आणि तेव्हा ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. २०१७ मध्ये डेप्युटी हॉक शेरीफच्या कचेरीतल्या संडासाचं दार उचकटतो आणि आतून डायरीची फाडलेली पानं निघतात, त्यावर तोच निरोप. गहाळ होती चार पानं. सापडली तीन.