बकनरच्या पायांतून चेंडू गेला तेव्हा स्कोअर ५-५ होता

"एका क्षणाचं दुर्लक्ष आणि वर्ल्ड कप गेला!" हा मेसेज आता भाचीच्या शाळेच्या पालकग्रुपवरही येऊन थडकलाय. गोष्ट अशी: १९८६ साली अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेत बोस्टन रेड सॉक्स हा संघ एका धावेने पुढे. सोपा चेंडू अडवला की कप हातात. निष्काळजी बिल बकनरच्या पायांमधून तो निसटला, संघ हरला, बकनर पुन्हा खेळला नाही आणि बोस्टनला ८६ वर्षं थांबावं लागलं. मुलांनो, एकाग्रता!

ती मेसेज लिहिणाऱ्याकडेही हवी होती. रेट्रोशीट या बेसबॉलच्या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर त्या सामन्याची पूर्ण नोंद फुकट वाचता येते.

२५ ऑक्टोबर, न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, सहावा सामना. दहाव्या इनिंगमध्ये बोस्टनकडे ५-३ आघाडी, बॅटिंग करणाऱ्या न्यूयॉर्क मेट्सचे दोघे बाद; तिसरा गेला की सामना बोस्टनचा. मग बोस्टनचा पिचर (चेंडू टाकणारा) कॅल्विन शिराल्डीला गॅरी कार्टर, केव्हिन मिचेल आणि रे नाइट यांनी ओळीने सिंगल (एक बेस मिळवून देणारे फटके) मारले. नाइटवर तर दोन स्ट्राइक चढलेले, तिसरा चढता तर तो बाद! ५-४. शिराल्डीच्या जागी बॉब स्टॅन्ली आला, समोर मुकी विल्सन. स्टॅन्लीचा एक चेंडू इतका आत घुसला की कॅचर रिच गेडमनला सापडलाच नाही. वाइल्ड पिच, म्हणजे पिचरचाच भरकटलेला चेंडू. तिसऱ्या बेसवरून मिचेल होमला आला, म्हणजे धाव झाली, नाइट दुसऱ्यावर पोचला. ५-५. आघाडी इथे गेली. विल्सनचा तो सरपटी फटका फर्स्ट बेसकडे, म्हणजे बकनरकडे गेला तो यानंतर.

म्हणजे बकनरने चेंडू उचलून विल्सनला बाद केलं असतं, तर फार तर अकरावी इनिंग सुरू झाली असती. तेही नक्की नाही. विल्सन वाऱ्यासारखा पळायचा, आणि बकनरने फेकलेला चेंडू घ्यायला स्टॅन्ली वेळेत बेसवर पोचला असता का, हा वाद अजून चालू आहे.

चूक बकनरचीच, हे मान्य. त्या मालिकेत बॅटही थंड होती, ३२ पैकी ६ हिट. पण घोटे कामातून गेलेल्या माणसाला तिथे ठेवलं कुणी? बोस्टनने जिंकलेल्या सामन्यांत मॅनेजर जॉन मॅक्नमारा शेवटी डेव्ह स्टेपल्टनला त्याच्या जागी उतरवत होता. त्या रात्री स्टेपल्टन बाकावरच बसून राहिला.

आणि मालिका तिथे संपलीच नव्हती! २७ ऑक्टोबरला सातवा सामना झाला, त्यात बोस्टन ३-० ने पुढे होतं आणि ८-५ ने हरलं.

बाकीचं झटपट. वर्ल्ड कप नव्हे, वर्ल्ड सिरीज. ८६ वर्षं मोजतात ती बोस्टनच्या दोन विजेतेपदांमधली, १९१८ ते २००४; बकनरनंतर उरतात १८. तो १९९० पर्यंत खेळला, शेवटचा हंगाम बोस्टनकडूनच, कारकिर्दीत २,७१५ हिट. राहिला 'निष्काळजी' हा शिक्का: १९८५ च्या हंगामात याच माणसाने फर्स्ट बेसवर १८४ असिस्ट (चेंडू अडवून सहकाऱ्याकडे फेकत बाद करायला मदत) केले होते, त्या जागेवरचा तेव्हाचा मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगचा विक्रम.