भावी पिढ्यांच्या वतीने कोणी बोलावे?
भावी पिढ्यांची बाजू मांडणाऱ्या संस्थांचे नेतृत्व निवृत्त अधिकाऱ्यांकडेच असावे, हे एका लेखात मांडलेले मत मला पटत नाही. ब्रिटनमधील वेल्समध्ये २०१५ च्या कायद्यानुसार भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र आयुक्त सात वर्षांसाठी नेमला जातो, त्यामुळे निवडणुकीच्या हिशेबापलीकडे जाऊन विचार करण्यास त्याला वाव मिळतो. स्वयंसेवी संस्थेला असे कायद्याचे पाठबळ नसते. तिथे विश्वस्त मंडळात कोण बसते, यावरच सारे अवलंबून राहते. मुंबईच्या हवामान कृती आराखड्याने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी (म्हणजे हवेत जेवढे हरितगृह वायू सोडले जातील तेवढेच शोषले जावेत यासाठी) २०५० हे वर्ष ठरवले आहे, आणि आज शाळेत जाणारी आपली मुले तेव्हा पस्तीस-चाळीस वर्षांची असतील. म्हणून अशा स्वयंसेवी संस्थांमध्ये किमान दोन विश्वस्त तिशीच्या आतले असावेत, आणि त्यांना केवळ भाषणापुरते न बोलावता खर्चाच्या निर्णयांवर मतदानाचा अधिकार द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.