बेळगावची बाई बेल्जियमात

लेकीनं बजावून सांगितलं होतं, "आई, लिएजची गाडी पकडायची. फलाटावरच्या पाटीवर नाव बघ आणि बस." मी ल्युव्हनच्या स्टेशनात वीस मिनिटं आधीच जाऊन उभी. पाटीवर नावं येतायत, जातायत, लिएज काही येईना. एक गाडी आली, वर 'लुइक' असं काहीतरी होतं, माणसं चढली, गाडी गेली. शेवटी एका बाईंना विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. लुइक म्हणजेच लिएज! डचमध्ये लुइक, फ्रेंचमध्ये लिएज. आणि ल्युव्हन डच भाषिक फ्लँडर्समध्ये असल्यामुळे इथल्या पाटीवर डचच नाव लागणार. लिएजला पोचलात की ल्युव्हनचं 'लूव्हाँ' होतं. मॉन्सचं बेर्गन, नामूरचं नामेन, कोर्ट्राइकचं कूर्त्रे. लील तर बेल्जियमचं गावही नाही, फ्रान्समधलं, पण फ्लँडर्समधल्या रस्त्यांवर त्याचंही 'राइसल'.

गाडी चुकल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला घरी आल्यासारखं वाटलं. जन्म बेळगावचा, नोकरी बेळगावात, पस्तीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे. बेळगाव, बेलगाम, बेळगावी. बसच्या पाटीवर एक, जुन्या कागदांवर दुसरं, घरात तिसरं. आमच्याकडे पाटीला काळं फासतात, इथे अर्ज करतात. फरक एवढाच, असं पहिल्या आठवड्यात वाटलं होतं.

गेल्या वर्षी रिटायर झाले आणि लेकीकडे तीन महिने राहून आले. परवा सीमाभागातल्या एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बेल्जियमनं बघा कसा प्रश्न सोडवला, शिका जरा." त्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हे एवढं लांबण.

देश केवढा? महाराष्ट्राचे दहा तुकडे केले तर त्यातला एक. माणसं १ कोटी १८ लाखांच्या घरात. उत्तरेला फ्लँडर्समध्ये डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेला वालोनियात फ्रेंच बोलणारे वालून, मधे ब्रसेल्स, कागदोपत्री दोन भाषांचं आणि व्यवहारात बरंचसं फ्रेंच. पूर्वेला जर्मनीला लागून जेमतेम ८० हजार जर्मन भाषिक. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात तो मुलूख बेल्जियमला मिळाला. एवढ्या माणसांना स्वतःची वेगळी विधानसभा आहे. आमच्याकडे एवढ्या मतांना नगरपालिका मिळते.

ओस्टेंडहून एक गाडी सुटते, समुद्रापासून पार जर्मन हद्दीजवळच्या ऑइपनपर्यंत जाते. लेक नातीला घेऊन ल्युव्हनला उतरली, मी हट्टानं शेवटपर्यंत बसून राहिले. ब्रुज, गेंट येईपर्यंत घोषणा फक्त डचमध्ये. ब्रसेल्स आलं की डच आणि फ्रेंच. ब्रसेल्स मागे पडलं की फ्रेंच गप्प. ल्युव्हननंतर गाडी वेगात असताना कुठेतरी भाषेची सीमा ओलांडली जाते आणि लिएजला आवाज फ्रेंच झालेला असतो. ऑइपनला जर्मन. डबा तोच, कंडक्टर तोच. थट्टा वाटेल, पण हा कायदा आहे. व्हिल्व्होर्डजवळ, म्हणजे डच हद्दीत, एका कंडक्टरनं प्रवाशांना डचबरोबर "बाँजूर"ही म्हटलं, तर एका प्रवाशानं भाषा आयोगाकडे तक्रार केली. एका नमस्कारावरून!

हे हसण्यावारी नेण्याआधी मागचं थोडं बघावं लागतं. १८३० साली हा देश स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकर्ते, न्यायाधीश, लष्करी अधिकारी, प्राध्यापक सगळे फ्रेंच बोलणारे. गंमत म्हणजे फ्लँडर्समधले श्रीमंतही घरात फ्रेंच बोलायचे, डच ही शेतकऱ्याची आणि मोलकरणीची भाषा. डचला फ्रेंचच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा मिळाला १८९८ मध्ये, आणि राज्यघटनेची अधिकृत डच प्रत यायला १९६७ उजाडलं. बहुसंख्य लोकांच्या भाषेत त्यांची घटना यायला सव्वाशेहून जास्त वर्षं.

त्यात १९३० च्या सुमाराला एक क्षण आला होता. सगळ्या देशात दोन्ही भाषा चालवायच्या, की प्रत्येक प्रदेशात एकच? वालून मंडळींना आपल्या गावातल्या कचेरीत डच नको होती. आम्ही ती का शिकायची, हा त्यांचा सवाल. मग १९३२ च्या कायद्यांनी ठरलं, उत्तरेत डच, दक्षिणेत फ्रेंच. १९६२-६३ मध्ये त्यावर पक्की रेघ मारली गेली.

"आम्ही का शिकायची?" हे वाक्य मी काउंटरवर दोन्ही बाजूंनी ऐकलंय. बदली होऊन आलेल्या साहेबांकडून मराठीबद्दल आणि आमच्याच गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडून कन्नडबद्दल. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्धच्या मोर्चात मी स्वतः होते, कॉलेजात होते तेव्हा. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापुढून जाताना आजही मान खाली होते. सक्तीला माझा विरोध तेव्हाही होता, आजही आहे. पण बँकेत लागल्यावर वर्षभरात मी स्वतःहून कन्नड शिकले, कारण काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या बैलहोंगलच्या आजीला माझ्या अस्मितेचं काय करायचं होतं? तिला पेन्शन हवी होती.

ल्युव्हनच्या विद्यापीठाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पंधराव्या शतकातलं हे विद्यापीठ डच भाषिक गावात, पण फ्रेंच विभागही तिथेच. साठच्या दशकात फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर आले, "वालून, बाहेर व्हा!" १९६८ च्या फेब्रुवारीत त्यावरून देशाचं सरकार पडलं. विद्यापीठाची वाटणी झाली. फ्रेंच भाग वीस-पंचवीस किलोमीटरवर मोकळ्या शेतात गेला, तिथे त्याच्यासाठी चक्क नवं शहर वसवलं, नाव 'नवं लूव्हाँ'. राहिली लायब्ररी. १९१४ मध्ये जर्मनांनी जाळलेली, १९४० मध्ये पुन्हा जळलेली, लोकांच्या देणग्यांवर उभी राहिलेली ती लायब्ररी. तिची वाटणी कशी केली असेल? सम क्रमांकाची पुस्तकं एकाला, विषम दुसऱ्याला. आमच्याकडे भावाभावांच्या वाटणीत पाटा एकाकडे आणि वरवंटा दुसऱ्याकडे गेलेला मी पाहिलाय. पण ती अडाणी माणसं होती हो! हे प्राध्यापक.

ल्युव्हनचाच एक विद्यार्थी आपल्याकडे येऊन राहिला. फादर कामिल बुल्के. फ्लँडर्सच्या किनाऱ्याजवळच्या खेड्यातला, इंजिनिअरिंग शिकलेला. विद्यार्थी असताना डचच्या हक्काच्या चळवळीत होता. भारतात आल्यावर शिकलेली माणसं आपली भाषा सोडून इंग्रजीत बोलतात हे बघून त्याला घरच्याच दुखण्याची आठवण झाली. त्यानं रामकथेवरचा प्रबंध अलाहाबादला हिंदीत सादर केला, इंग्रजी-हिंदी शब्दकोश केला, १९७४ ला पद्मभूषण मिळालं. ल्युव्हनच्या गल्ल्यांतून फिरताना मला सारखं त्याचं आठवायचं. भाषेसाठी भांडलेला माणूस दुसऱ्याची भाषा इतकी जीव लावून शिकतो, हे मला त्या लायब्ररीपेक्षा फार मोठं वाटतं.

रेघ मारल्यावर पुढे काय झालं? राजकीय पक्ष एकेक करून भाषेवर फुटले. आज गेंटचा मतदार लिएजच्या उमेदवाराला मत देऊच शकत नाही. टीव्ही वेगळे, वर्तमानपत्रं वेगळी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं जॉइंट आहे, पण पासबुकं दोन आणि एकानं दुसऱ्याचं कधी उघडून बघितलेलं नाही. डिसेंबर २००६ मध्ये फ्रेंच भाषिकांच्या सरकारी वाहिनीनं एका रात्री बातमी दिली की फ्लँडर्सनं स्वातंत्र्य जाहीर केलं. ते नाटक होतं, पण बघणाऱ्या कितीतरी जणांना खरं वाटलं. पुढच्याच वर्षी पंतप्रधानपदाच्या वाटेवर असलेल्या यीव्ह लेटर्म यांना पत्रकारांनी देशाचं फ्रेंचमधलं राष्ट्रगीत विचारलं, तर त्यांनी फ्रान्सचं म्हणून दाखवलं. २०१०-११ मध्ये ५४१ दिवस पूर्ण सरकारच बनलं नाही. आणि फेब्रुवारी २०२५ पासून पंतप्रधान आहेत बार्ट डे वेव्हर, ज्यांच्या पक्षाच्या घटनेतच स्वतंत्र फ्लँडर्सचं ध्येय लिहिलेलं आहे.

भाषिक शिरगणती १९४७ नंतर झालीच नाही, कायदा करून ती बंदच केली. कारण आकडा आला की रेघ हलणार. त्यामुळे डच साधारण साठ टक्के, फ्रेंच चाळीस, असा सगळा अंदाजाचा कारभार. मोजणं बंद करून भांडण थांबवायचं, ही युक्ती मला कारकून म्हणून पटली नाही. सीमाभागातली म्हणून मात्र पटली.

ब्रसेल्सच्या कडेला सहा गावं आहेत, हद्द फ्लँडर्सची पण फ्रेंच बोलणारे भरपूर. त्यांना 'सवलती' आहेत, म्हणजे सरकारी कागद फ्रेंचमधून मागता येतो. १९९७ मध्ये फ्लेमिश सरकारनं परिपत्रक काढलं की तो कागद दर वेळी नव्यानं मागायचा. एकदा मागितला की कायमचा, असं चालणार नाही. हे ऐकून मी पोट धरून हसले. हे परिपत्रक मी पाहिलंय! देश वेगळा, टायपिस्ट वेगळा, मन तेच.

एक मात्र कबूल करते. दहावीला लेकीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात बेल्जियमचा धडा होता, केंद्रात डच आणि फ्रेंच मंत्री समसमान, कुणी कुणावर कुरघोडी करायची नाही वगैरे. तो धडा खोटा नाही. १९७० मध्ये भाषेच्या भांडणात एक जीव गेला, त्याची आठवण अजून काढतात, इतकी ती गोष्ट विरळ. आमचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, सीमालढ्यात गेलेली माणसं परत यायची नाहीत, आणि महाराष्ट्रात यायचा ठराव केला म्हणून आमची महापालिका २००५ मध्ये बरखास्त झाली होती. तेव्हा त्यांच्या शांततेचा मला हेवा वाटला. का वाटू नये?

पण लेकीच्या शेजारीण आजी, सत्तरीच्या पुढच्या, अतिशय प्रेमळ. दर शुक्रवारी आम्हाला सूप आणून द्यायच्या. स्पेनला बाराएक वेळा जाऊन आल्यात. मी नामूरचा किल्ला बघून आले म्हटल्यावर म्हणाल्या, "मी शाळेच्या सहलीला गेले होते तिथे." म्हणजे साठ वर्षांपूर्वी! नामूर गाडीनं तासाच्या अंतरावर. फ्रेंच येतं का, विचारलं तर येतं म्हणाल्या, शाळेत सक्तीचं होतं. मग बोलत का नाही? खांदे उडवले. "ते आमचं शिकत नाहीत." लिएजच्या कॅफेत एक गृहस्थ भेटले, वडील इटलीहून कोळशाच्या खाणीत आलेले. शाळेत दुसरी भाषा म्हणून त्यांनी इंग्रजी घेतलेली, कारण वालोनियात डच घ्यायलाच हवी असं नव्हतं. माझ्याशी इंग्रजीत तासभर बोलले. कोळसा संपला, गिरण्या गेल्या, आता पैसा उत्तरेत आहे आणि उत्तरेचे लोक आम्हाला आळशी म्हणतात, म्हणाले. फ्लेमिश मित्र आहे का एखादा? थोडा वेळ आठवून बघितलं त्यांनी. नव्हता.

आणि ऑइपनची पाववाली. तिला जर्मन येत होतं, फ्रेंच येत होतं, माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाशी डच बोलली, माझ्याशी इंग्रजी. ज्यांची संख्या सगळ्यात कमी, त्यांना सगळ्यांच्या भाषा येतात. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नात सहा वर्षांची, डच शाळेत. आकडे लिहिताना पंचवीसमधला पाच आधी लिहायची आणि त्याच्या डावीकडे जागा ठेवून दोन. लेक वैतागायची. मी विचारलं, असं का गं? तर म्हणाली, बाई तसंच म्हणतात, "फैफ-एन-ट्विंतख." पाच आणि वीस! अगं, मग हे तर आपलंच की. पंच-वीस. फ्रेंचमध्ये उलटं, आधी वीस मग पाच. जावई म्हणाले, म्हणजे बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं ते फ्रेंच वळणाचं होतं तर. त्यावर आमच्या घरात पाऊण तास वाद झाला, मराठीतून, आणि नात मधेमधे डचमधून.

निघायच्या आदल्या दिवशी यांना व्हिडिओ कॉल लावला. हे गणपत गल्लीत, हातात पिशवी. "उद्या विमानतळावर गोव्याला येऊ की..." इतकं म्हणाले आणि मान वळवून "कोत्तंबरी एष्टु री?" तिकडून काहीतरी आलं. "हत्तु रूपायी? एवढ्याशा जुडीला? राहू दे तुझी!" भाजीवाली मराठीत म्हणाली, "घ्या हो काका, कालच्यापेक्षा ताजी आहे." शेजारीण आजी सूपचं भांडं न्यायला आल्या होत्या, माझ्या खांद्यावरून फोनमध्ये बघत होत्या. "कोणती भाषा बोलतायत ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, थांबा, आधी कोथिंबीर घेऊ दे.